पायांचा पेपर

कथ्थकमधली ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ ही परीक्षांची वाट पायांची. पण वरच्या इयत्तांत ती बरीचशी हातानेच काटावी लागते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या लेखी पेपरात तोडे-तुकडे ताललिपीत उतरवायचे असतात. तीनतालाच्या 16 मात्रा, खाली टाळी-खालीच्या खुणा. भातखंडे लिपीत फुली म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा. पलुसकर लिपीत जवळपास तशीच अधिकाची खूण म्हणजे खाली, टाळी न देण्याची मात्रा. गफलत झाली, की समेवर आलेला नर्तक कागदावर खालीच उतरतो! बोल आणि मात्रा लिहिल्या जातात. भुवई, मनगट, नजर यांना मात्र रकाना नाही. याउलट, रत्नागिरीच्या वाड्यांतून गणपतीत फेर धरून नाचली जाणारी जाखडी आधीच्या पिढीचे पाय पाहूनच शिकतात. नापास होण्याची सोय तिथे नाही.