सरांची गादी

मुलुंड पूर्वेला, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत मी संध्याकाळचा चहा घ्यायला उभा राहिलो की समोर एक पोरगं हवेत उसळतं, आडवी गिरकी घेतं, "नमस्ते काका!" म्हणतं आणि खाली नाहीसं होतं. पाठोपाठ आवाज येतो, "क्लीन नाही! परत!"

हे आमचे सर. वय 26. दिवसा कुरिअर वाटतात, संध्याकाळी बिल्डिंगमागे 22 पोरांच्या क्रूचा नाच बसवतात. त्यांची आईसुद्धा म्हणते, "सर, जरा सिलिंडर लावता का?"

सर आठाच्या पुढे मोजत नाहीत. सोसायटीच्या सभेत हजेरी मोजायला सांगितली, तर 28 माणसांचा हिशेब आला, "तीन एट आणि वर चार." कुणी जिना दमानं चढताना दिसलं की ओरडतात, "मार्किंग नको आजोबा, फुल आउट!"

इतिहास मात्र तोंडपाठ. 2019 साली वसई-नालासोपाऱ्याकडच्या 'किंग्स'नी अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून दहा लाख डॉलर आणले. पुढच्याच वर्षी भाईंदरकडच्या 'व्ही अनबीटेबल'नं 'अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स' मारलं. "दोन्ही वेस्टर्नवाले, काका. आता सेंट्रलचा नंबर!" जणू मेगाब्लॉक उठायचीच काय ती खोटी.

"थ्रोच्या सरावाला, दोनच दिवस," म्हणून सरांनी माझी कापसाची गादी नेली, त्याला दोन वर्षं झाली. मागितली की उत्तर ठरलेलं, "शोनंतर, काका." रागावणार तरी कसं? पोरगं उडतं तेव्हा झेलणाऱ्या चौघांत सर स्वतः असतात, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून. मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांचे फक्त हात दिसतात.

गेल्या महिन्यात अंधेरीला ऑडिशन झाली. पहाटेपासून रांग, नाच दीड मिनिटाचा आणि निरोप एका वाक्याचा. रात्री दाराची बेल वाजली. डोक्यावर गादी घेऊन सर उभे. "घ्या काका. शो झाला."

गादीतला कापूस एका कोपऱ्यात गोळा झालेला, मधोमध पोरांच्या पाठीएवढा खड्डा. म्हटलं, "ही आता माझ्या काय कामाची? ठेव तुझ्याकडेच."

सरांनी गादी खाली ठेवली, डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावरून आत बेडरूमकडे नजर टाकली.

"काका, नवीन थ्रो जरा उंच आहे. दुसरी पण मिळेल? दोनच दिवस."