पुस्तक न उघडता ग्रंथालयाचा फोटो कसा काढावा

ग्रंथालयाचं इन्स्टाग्राम खातं उघडणाऱ्यानं आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: फोटोत ग्रंथालय दिसलं पाहिजे, पुस्तक दिसण्याची गरज नाही. याला भक्कम आधार आहे. चीनमधल्या तिआनजिन शहरात २०१७ साली बिनहाई ग्रंथालय सुरू झालं आणि छतापर्यंत लाटांसारख्या चढत गेलेल्या त्याच्या पांढऱ्या फळ्यांचे फोटो जगभर फिरले. वरच्या फळ्यांपर्यंत पोचायची सोयच राहिली नव्हती, म्हणून तिथे पुस्तकांची चित्रं छापलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लावले. फोटोत फरक चटकन कळत नाही. म्हणजे प्रसिद्धीला पुस्तकाची पाठ पुरते, पोट लागत नाही. पत्र्याला वाळवी लागत नाही, हा वरचा नफा.

आपल्याकडे अडचण पाठीचीच आहे. तपकिरी रेक्झिनची बांधणी, पांढऱ्या शाईनं लिहिलेलं आणि निम्मं पुसलेलं नाव, खाली ८९१.४६ ची चिठ्ठी. अशी चारशे पुस्तकं ओळीनं लावली की होमगार्डचं संचलन दिसतं. पुस्तकं रंगानुसार लावा, असं जाणकार सांगतात; पण रंगच एक असेल तर ड्यूईची दशांश पद्धत उगाच कशाला मोडायची? त्यापेक्षा जयंत्यांना पाहुणे बोलवावेत. १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन, १५ ऑक्टोबरला कलाम, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज. तसबीर तेवढी बदलायची, शाल, श्रीफळ आणि मागचं कुलूपबंद कपाट तेच. काचेत फ्लॅश चमकू नये म्हणून पाहुण्यांना जरा तिरकं उभं करावं. शिवाय फोटोतला प्रत्येक जण तो फोटो आपल्या गटात पुढे पाठवतो. पुस्तकाला ती सवय नाही.

यावर पहिला आक्षेप येतो न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा दाखला देऊन. तिनं २०१८ मध्ये ‘ॲलिस इन वंडरलँड’ अख्खं इन्स्टाग्राम स्टोरीत घातलं. पान सरकू नये म्हणून वाचणाऱ्यानं पडद्यावर अंगठा दाबून धरायचा. प्रयोग नावाजला गेला, हे कबूल. पण अंगठा तिथे अडकला तर लाइक कशानं द्यायचं? दुसरा आक्षेप खुद्द रंगनाथनांचा, म्हणून जरा जड. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांनी १९३१ सालीच पाच नियमांत घालून ठेवलं आहे. तेव्हा एका चांगल्या पुस्तकाचं उघडं पान, खाली दाखल क्रमांक, देवघेवीची वेळ, साप्ताहिक सुट्टी, वर्गणी आणि अनामत एवढं टाकलं तर दहा सत्कारांनी होत नाही ते एका फोटोत होईल, असं काही खोडसाळ ग्रंथपाल म्हणतात. होईलही. पण मग ते वाचून माणूस खरोखरच येतो, वर्गणी भरतो, खिडकीशी उभा राहून दाखल क्रमांकासकट तेच पुस्तक मागतो, आणि ते नेमकं पाहुण्यांमागच्या कपाटात असतं. तेव्हा असली पोस्ट टाकायचीच असेल, तर कपाटाची किल्ली हल्ली कोणाकडे असते, तेवढं आधी विचारून ठेवावं.