हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

लंडन आणि वॉशिंग्टनच्या दोस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा चागोस बेटांतल्या दिएगो गार्सियाचा हिशेब वाचावा. 1946 च्या मार्चमध्ये चर्चिल अमेरिकेतल्या फुल्टन गावी गेले आणि ब्रिटन-अमेरिकेच्या खास नात्याची द्वाही फिरवून आले. तेव्हापासून अटलांटिकच्या दोन काठांवरचे नेते भेटले की या नात्याची आरती होते. तिचे तेल कोणाच्या घरचे, हे मात्र कोणी सांगत नाही. ते हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या दीड-दोन हजार गरीब माणसांच्या घरचे होते.

व्यवहार असा झाला. साठच्या दशकात ब्रिटन सुएझच्या पूर्वेकडून पाय मागे घेत होता आणि अमेरिकेला हिंदी महासागराच्या मध्यावर लष्करी तळ हवा होता, तोही माणसे नसलेल्या जागी. चागोस तेव्हा मॉरिशसच्या वसाहतीचा भाग. मॉरिशस स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांनी 1965 मध्ये मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना लंडनमध्ये कोंडीत पकडले, तीस लाख पौंड देऊ केले आणि बेटे तोडून वेगळी वसाहत केली. वसाहतीचे असे तुकडे पाडू नका, असे संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी बजावले होते. ऐकतो कोण? 1966 च्या डिसेंबरात बेटे पन्नास वर्षांसाठी अमेरिकेच्या हवाली झाली. भाडे शून्य. त्याबदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या संशोधन-खर्चापोटी ब्रिटनने द्यायचे 1 कोटी 40 लाख डॉलर अमेरिकेने गुपचूप सोडून दिले. हे ब्रिटिश संसदेला सांगितले नाही आणि अमेरिकी काँग्रेसलाही नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. घर चागोसवासीयांचे, पुण्य लंडनचे.

राहता राहिली माणसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून नारळाचे मळे उभे केले. पुढे भारतातूनही मजूर गेले. पाच-सहा पिढ्या तिथेच जन्मल्या आणि तिथल्याच दफनभूमीत निजल्या. बेटांवर चर्च होते, खोबरे वाळवायच्या भट्ट्या होत्या, प्रत्येक घराची मासेमारी होती. लंडनच्या बाबूंनी कागदावर ठरवले की हे रहिवासी नाहीत, हे कंत्राटी मजूर आहेत. फाइलींत त्यांचा उल्लेख टारझन आणि फ्रायडे असा केला. ते कागद पुढे उघड झाले, म्हणून आज हे म्हणता येते. माणसाला हाकलायचे तर आधी त्याचे माणूसपण कागदावरून पुसावे लागते, आणि हे काम सुशिक्षित, सभ्य अधिकाऱ्यांनी टाय लावून केले.

चागोसचा ओलिव्हिए बँकू 1968 मध्ये चार वर्षांचा होता. त्या वर्षी बहिणीच्या पायावरून गाडीचे चाक गेले, म्हणून पेरोस बान्योस बेटावरचे हे कुटुंब उपचारासाठी मॉरिशसला आले. मुलगी वाचली नाही. परत जायला बोट विचारली, तर उत्तर मिळाले: तुमचे बेट विकले गेले आहे, आता बोट नाही. अशी कित्येक घरे पोर्ट लुईच्या धक्क्यावर अडकली. जे मागे राहिले होते, त्यांच्याकडे येणारा शिधा आणि औषधे कमी केली. मग 1971 मध्ये तळासाठी निवडलेल्या दिएगो गार्सियावरची कुत्री मारण्याचा हुकूम निघाला. आधी गोळ्या घालून पाहिल्या, विष घालून पाहिले. शेवटी खोबरे वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने ती मारली. ही रानटी कुत्री नव्हती. लोकांनी पाळलेली, हाकेला ओ देणारी, पोरांच्या मागे धावणारी होती. घराघरातल्या पोरांनी ते ओरडणे ऐकले. पुढची पाळी कोणाची, हे कोणी वेगळे सांगायची गरज उरली नाही. एक ट्रंक आणि अंगावरचे कपडे घेऊन लोक जहाजावर चढले. घोड्यांना डेकवर जागा दिली आणि बायका-मुले खाली, पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतावर झोपली. 1973 पर्यंत चागोस रिकामे झाले.

आता याच्याशेजारी फॉकलंड ठेवा. 1982 मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा तिथे दोन हजारांहून कमी माणसे राहत होती, म्हणजे चागोसइतकीच. बेटावरच्या लोकांची इच्छा हीच सर्वोच्च, असे सांगून पंतप्रधान थॅचरबाईंनी अटलांटिकच्या दुसऱ्या टोकाला आरमार पाठवले. त्याच 1982 मध्ये चागोसवासीयांना देशोधडीला लावल्याबद्दल ब्रिटनने चाळीस लाख पौंड देऊ केले, आणि पैसे घ्यायचे तर परतण्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठे उमटवून घेतले. दोन्हीकडे ब्रिटिश प्रजाच होती. फरक कातडीच्या रंगाचा होता. याला दुसरे कारण ज्याला सापडेल त्याने खुशाल सांगावे.

बँकू मोठा होऊन इलेक्ट्रिशियन झाला आणि त्याने ब्रिटिश सरकारला कोर्टात खेचले. 2000 मध्ये जिंकला. 2004 मध्ये सरकारने राणीच्या फर्मानाने तो विजय परत हिरावला, आणि 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यावर शिक्का मारला. 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटे तोडणे बेकायदा ठरवले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, विरोधात अवघे सहा. भारत 116 मध्ये होता, आणि तिथेच असायला हवा होता.

22 मे 2025 ला ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या करारावर सह्या झाल्या. मॉरिशसच्या बाजूने सही करणारे नवीन रामगुलाम हे त्याच शिवसागरांचे चिरंजीव. ठरले ते असे: सार्वभौमत्व मॉरिशसचे आणि दिएगो गार्सिया 99 वर्षे ब्रिटनच्या, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यात. ब्रिटनने वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड मोजायचे. चागोसवासीयांसाठी चार कोटी पौंडांचा निधी. इतर बेटांवर मॉरिशसने त्यांना वसवावे, दिएगो गार्सियावर मात्र नाही. या कराराबद्दल चागोसवासीयांतच दोन मते आहेत. काही समाधानी आहेत, काही संतापलेले. पण दोन्ही गटांपैकी एकालाही वाटाघाटींच्या टेबलावर खुर्ची मिळाली नाही. 1965 सारखेच, याही वेळी घरमालकाला बाहेर बसवून घराचा सौदा झाला.

सुरक्षेचे कारण पुढे करणाऱ्यांनी बेटाचा नकाशा पाहावा. दिएगो गार्सिया घोड्याच्या नालासारखे आहे. तळ पश्चिमेच्या बाजूला. पूर्वेच्या बाजूला, ईस्ट पॉइंटला, जुनी वस्ती ओस पडली आहे. तळावर स्वयंपाक, धुणी, साफसफाई करायला फिलिपाइन्सहून माणसे नेतात, तेव्हा सुरक्षा आड येत नाही. पेरोस बान्योस तर तळापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. तिथल्या खाडीत परदेशी हौशी नौकावाल्यांना नांगर टाकायची परवानगी वर्षानुवर्षे मिळत होती आणि तिथेच जन्मलेल्या म्हाताऱ्यांना मात्र नाही. ब्रिटन सरकारने नेमलेल्या सल्लागारांनी 2015 मध्ये पुनर्वसन शक्य असल्याचे लिहून दिले. पुढच्याच वर्षी सरकारने ते नाकारले.

हे सगळे आपल्यापासून दूरचे नाही. मॉरिशसमध्ये मराठी घरे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. सप्टेंबर 2025 मध्ये भारताने मॉरिशसला जे विशेष साहाय्य जाहीर केले, त्यात चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास आणि टेहळणीही आहे. म्हणजे त्या पाण्यात आता आपणही उतरलो आहोत. तिथे मासे आणि प्रवाळ यांची राखण करायला निघालेल्या दिल्लीने माणसांचीही बाजू घ्यावी. मदतीसोबत एक मागणी लंडन, वॉशिंग्टन आणि पोर्ट लुई तिघांपुढे ठेवावी: ईस्ट पॉइंट मोकळा करा आणि चागोसवासीयांना घरी जाऊ द्या. दिएगो गार्सियावर जन्मलेली पिढी आता म्हातारी झाली आहे आणि 99 वर्षे थांबणे तिच्या हातात नाही.