आधी नांगर, मग खबर

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत वेल्डिंगचं दुकान टाकलेल्यालाही हल्ली सल्ला मिळतो: धंदा वाढवायचा तर ‘थॉट लीडर’ व्हा. म्हणजे रोज मोबाइलवर नेतृत्व, अपयश आणि पहाटे उठण्याचे फायदे यांवर चार ओळी टाका. (तिथे यंत्रमागाच्या रात्रपाळीवाल्यांना पहाट नव्यानं दाखवायची म्हणजे कमालच!) धंद्यासोबत लेखणी चालवायची कल्पना मात्र आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचं हे पत्र पुढे मराठीतलं वजनदार मासिक झालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात छापून आले.

कुणी म्हणेल, तीही जाहिरातच होती. होतीच की! पण किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आधी शेतात चालला होता, खबर मागाहून आली. आणि वाचक दुखावतील असे विषय छापायची तयारी होती. आजचा थॉट लीडर ‘मेहनत महत्त्वाची’ यापलीकडे धोका पत्करत नाही. दुसरा आक्षेप खरा आहे: छोट्या दुकानदारानं मासिक काढायचं कशातून? त्याची गरजच नाही. पोकळ पाइपच्या गेटात पाणी साचून आतून गंज चढतो, म्हणून खाली भोक ठेवा, एवढं त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं तरी पुष्कळ. अडचण इतकीच, की त्यासाठी वेल्डिंग यावं लागतं, आणि ‘पर्सनल ब्रँडिंग’च्या शिबिरात तो तास नसतो.