नव्वद नंबरवाले काका

मिरा रोडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, पाण्याच्या टाकीशेजारी निळ्या ताडपत्रीखाली एक जीप सापडते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. आमच्या सोसायटीतले पाय काकांचे. एरवी बँकेतून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस. भाजीवाल्याशीही कधी घासाघीस करणार नाहीत. पण त्यांच्यासमोर ‘ऑईल’ हा शब्द उच्चारू नये. उच्चारलाच, तर घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगावं.

जीप महिंद्राची, एमएम ५४०. मॉडेल १९९२चं. इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेलं, २११२ सीसीचं डिझेल. टर्बो नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. काशिमिऱ्याचा मिस्त्री म्हणाला, “काका, याला कुठलंही पंधरा-चाळीस टाका. पळेल.”

त्यातला ‘कुठलंही’ काकांना लागला.

“मिस्त्री, तुम्ही केमिस्टकडे जाऊन ‘कुठलीही गोळी द्या’ म्हणता का हो?”

मिस्त्री म्हणतच असावा, कारण तो गप्प बसला. पण काकांची झोप गेली. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू हा थंडीचा. पहाटे गार इंजिनात ऑईल किती वाहतं ते पहिला आकडा सांगतो, इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकतो ते दुसरा. आता भाईंदरची थंडी म्हणजे काय, तर जानेवारीत चार दिवस रिक्षावाले मफलर बांधतात. मग २०डब्ल्यू-४० का नको? या प्रश्नावर काकांनी उन्हाळा काढला. पावसाळा गेला एपीआयच्या ग्रेडमध्ये. सीएफ-४ हे १९९०चं, म्हणजे जीपच्या वयाला शोभणारं, पण आता कालबाह्य. सीएच-४ १९९८चं, सीआय-४ २००२चं. त्यानंतरची सीजे-४, सीके-४ काजळी उत्तम सांभाळतात, पण धुराड्यातल्या नव्या फिल्टरांपायी त्यांच्यात फॉस्फरस कमी ठेवलेला. “आणि तोच तर माझ्या कॅमला वाचवतो!” काका लिफ्टमध्ये म्हणाले. लिफ्टमध्ये तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या. त्यांनी “देव बघतोय सगळं” असं म्हणून वेळ निभावली.

शेवटी गणपतीच्या सुमारास सीआय-४, पंधरा-चाळीस ठरलं. म्हणजे मिस्त्रीने सांगितलेलंच. पण आता ते कुठलंही नव्हतं.

आठवड्यात सेक्रेटरींनी गेज ओढून पाहिलं आणि जाहीर केलं, “काळं पडलं! डुप्लिकेट निघालं.” काकांचा चेहरा असा उजळला की, या वाक्याची ते वर्षभर वाट बघत असावेत. डिझेलमध्ये काजळी होतेच. चांगलं ऑईल ती स्वतःत धरून ठेवतं, इंजिनात साचू देत नाही; म्हणून ते काळं होतं. “पांढरंशुभ्र राहिलं तर घाबरायचं,” असं म्हणून त्यांनी सेक्रेटरींना मेन्टेनन्सच्या थकबाकीइतकंच गंभीरपणे समजावलं.

पण इंजिन ही नुसती नांदी. काकांचा खरा जीव डिफरन्शियलात. भाईंदर पूर्वेच्या स्पेअर पार्टवाल्याने एकदा “नव्वद नंबर ना? गिअरचं काय, डिफरचं काय, सगळं एकच” म्हटलं, तेव्हापासून काका त्या गल्लीतून जात नाहीत. हायपॉइड क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५ हवं. पण तेच गिअरबॉक्सात घातलं तर त्यातलं गंधक सिंक्रोच्या पितळी रिंगा खाऊ शकतं, तिथे जीएल-४. दोन्ही डब्यांवर ८०डब्ल्यू-९०च लिहिलेलं. काकांनी एकावर लाल रिबन बांधली आहे, दुसऱ्यावर हिरवी, आणि काकूंना ताकीद आहे की राखीला रिबन लागली तर बाजारातून आणावी.

ऑईल बदलायचा रविवार बघण्यासारखा असतो. आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करायचा, मगच खालचा. खालून सगळं सांडून दिलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर रिकामं हौसिंग घेऊन बसा! खाली काकूंची परात, पूर्वी कणकेची. गेल्या जुलैनंतर तिच्यात मागच्या डिफरन्शियलातून दुधाळ कॉफीच्या रंगाचं काहीतरी उतरलं. हौसिंगचा ब्रीदर चिखलाने बुजला होता. गरम हौसिंग पाण्यात बसून गार झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. तरुण पोरांनी कौतुकाने विचारलं, “काका, कुठे गेला होतात? चेण्याच्या नदीत?”

“स्टेशनला. काकूंना सोडायला.”

नवं ऑईल भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचं, मग करंगळी आत घालून पातळी बघायची. जुन्या बोल्टवर बारीक राखाडी चिखल असेल तर ठीक, चकाकते तुकडे असतील तर दुखवटा. असं पाच ठिकाणी: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं. एवढं सगळं यथासांग झाल्यावर जीप उत्तनला जाते, चौकच्या धक्क्यावर सुरमई बघते आणि परत येते. चढ आला की काका फोर बाय फोर लावतात. चढ नाही आला तरी लावतात.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात पत्रिका बघितल्या गेल्या. काकांनी मुलाला एकच विचारलं, “डिफरन्शियलचं ऑईल शेवटचं कधी बदललंस?”

मुलगा चार्टर्ड अकाउंटंट. प्रामाणिकपणे म्हणाला, “ते बदलायचं असतं?”

काकू पोह्यांची बशी घेऊन दारातच थबकल्या. काकांनी खिडकीतून त्याची गाडी पाहिली आणि सुस्कारा सोडला. “तुझ्या गाडीला वेगळं डिफरन्शियलच नाही रे. गिअरबॉक्सातच सगळा संसार. पुढची दोन चाकं ओढतात, मागची दोन नुसती येतात.” मग बराच विचार करून म्हणाले, “चालेल. निदान थापा मारत नाही.”

पहिल्या दिवाळसणाला काकूंनी जावयाला अंगठी केली. काका म्हणाले, अंगठी ठीक आहे, पण अभ्यंगाला तेल मी देणार, त्याच्या गाडीचं. पेट्रोल इंजिन, नवं, म्हणजे सगळा अभ्यास पहिल्यापासून. ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०, यात दिवाळीचा पाडवा हुकला. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, असं जावयाने दोनदा सुचवून पाहिलं. डबा गुढीपाडव्याला पोचला.