भुयाराचे मास्तर

रविवारी रात्री धाराशिवातल्या एखाद्या बंद खोलीतून "पळा, नाहीतर रक्त पिईन!" असा घोगरा आवाज आला आणि पाठोपाठ "हॅलो, माझा आवाज येतोय का?" असं ऐकू आलं, तर घाबरायचं कारण नाही. आत मास्तर बसलेले असतात.

मास्तर कुठल्या शाळेत नाहीत. दिवसा ते एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघतात; मास्तरकी फक्त रविवारची. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर व्हायचं. आपण काय करतो ते ज्याचं त्याने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर सोडायचं. वीस पडला तर स्वर्ग दोन बोटं, एक पडला तर तोंडघशी. गोष्ट सांगणारा तो डन्जन मास्टर, आमच्या तोंडी मास्तर.

पहिला फासा आणायला मास्तर गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने लुडोचा काढून दिला. "याला वीस बाजू पाहिजेत," म्हटल्यावर तो म्हणाला, "का बरं? सहात भागंना का तुमचं?" आता तो प्रश्न मिटलाय. बोलायला डिस्कॉर्ड, नकाशाला रोल-ट्वेंटी, फासाही पडद्यावरच घरंगळतो. २०२३ साली खेळाच्या कंपनीने मूळ नियमांचा मोठा भाग सगळ्यांना फुकट खुला केला, तेव्हा मास्तरांनी तो छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतला. वडिलांना अजून वाटतं, एमपीएससीच्या नोट्स आहेत.

आईला मात्र काही लपून राहिलं नाही. शेजारच्या काकूंनी रात्रीचे आवाज ऐकून "पोराच्या अंगात येतं का हो?" असं हळूच विचारलं, तेव्हा मास्तरांनी आईला समजावलं, "तुळजापूरला चिंतामणी नाही का? हात ठेवून प्रश्न विचारायचा. उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही. हे तसंच, फक्त वीस बाजू हायत." आई म्हणाली, "मग लग्न कधी जमंल ते विचार की! दर आठवड्याला दार मोडलं का नाही, हेच काय विचारायलास?"

मास्तरांची फौज सगळी शाळेपासूनची. योद्धा हिंजवडीत असतो. लढाई ऐन रंगात आली की त्याला कंपनीचा फोन येतो आणि योद्धा अर्धा तास तलवार उपसून उभा राहतो. पुजारी म्हणजे जखमा बऱ्या करणारा. त्याचं मेडिकल आहे. मरणाच्या दारात पडलेल्या सवंगड्याला संजीवनी पाजण्याआधी तो मागची बाकी काढतो. जादूगाराचं उमरग्याला खत-बियाणांचं दुकान आहे, त्यामुळे कुठलाही मंत्र आला की तो एकरी प्रमाण विचारतो. बँकेचा वसुली अधिकारी चोर झालाय आणि भूमिकेत सगळ्यांत लवकर तोच शिरला. मी गाणारा भाट. मला अजून कुणी एकही गाणं पूर्ण म्हणू दिलेलं नाही.

मास्तरांचं दुःख एकच. त्यांनी शूरवीर मागवले आणि त्यांच्या वाट्याला धाराशिवकर आले.

नळदुर्गचा किल्ला मास्तरांना तोंडपाठ आहे. बोरी नदीवर आडवा बंधारा, त्या भिंतीच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली बांधलेला पाणीमहाल. नदी भरून वाहिली की नर आणि मादी असे दोन धबधबे भिंतीवरून कोसळतात आणि महालातला माणूस कोरडाच राहतो. असं भुयार घरचं असताना परदेशी कशाला जायचं, म्हणून मास्तरांनी त्यात खजिना ठेवला आणि खजिन्यावर हजार वर्षांचा नाग बसवला. नागाचे डोळे, नागाचा फूत्कार, भिंतीतून पाझरणारा थंडावा असं सगळं त्यांनी जीव तोडून रंगवलं. आम्ही गप्प. मास्तर खूश झाले. मग उमरग्याहून आवाज आला, "मास्तर, मागं पाणी किती अडवलंय?"

"म्हणजे?"

"टीएमसीत सांगा."

झालं. खजिना राहिला बाजूला. पुढचे दोन तास मराठवाड्याच्या हक्काच्या २१ टीएमसीवर नागाशी बोलणी चालली. नाग शेवटी कंटाळून म्हणाला, "हे माझ्या हातात नाही, वरून आदेश यावा लागतो." चोराने ताबडतोब वही उघडली, "वर कोण आहे? नाव सांगा." पुस्तकात कुठेच नसलेला एक वरिष्ठ नाग मास्तरांना जागेवर जन्माला घालावा लागला.

परंड्याला याहून वाईट झालं. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि तिथून १६३२ साली विजापूरला गेली. तिचं तोंड म्हणजे आ वासलेल्या हिंस्र जनावराचा जबडा. मास्तरांनी डोकं चालवलं: ही तोफ नव्हेच, शापाने पंचधातूचा झालेला ड्रॅगन आहे, विजापूरवर चालून जा आणि त्याला सोडवून आणा! हत्ती, शिड्या, सुरुंग, सगळी सामग्री त्यांनी तयार ठेवली होती. आम्ही विजापूरच्या वेशीपाशी पोचलो, मंडप टाकला आणि साखळी उपोषणाला बसलो.

"उपोषणाचा नियमच नाही!" मास्तर ओरडले.

"मन वळवायचा आहे ना? त्यात बसवा," पुजारी म्हणाला.

मास्तरांनी मुद्दाम अवघड आकडा लावला. योद्ध्याने फोनवरच्या साहेबाला थांबवून फासा टाकला. वीस. आदिलशहा स्वतः मंडपात आला, लेखी आश्वासन दिलं आणि लिंबू सरबत पाजून उपोषण सोडवलं. तोफ आहे तिथेच आहे. ड्रॅगनही तसाच. आश्वासनाची प्रत मात्र आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून वरती पिन केलेली आहे.

मास्तर चिडतात, "तुम्हाला लढताच येत नाही," म्हणतात, ग्रुप सोडून जातात आणि बुधवारी स्वतःच लिंक टाकतात. पण त्यांच्या वहीत बदल होत गेलाय, तो मी पाहिलाय. पूर्वी प्रत्येक राक्षसापुढे त्याची ताकद, चिलखत आणि जखमा सोसायची मर्यादा एवढंच लिहिलेलं असायचं. आता तिथे चार ओळी जास्त असतात: गाव, आडनाव, शेती किती, आजोळ कुठलं. कळंबच्या एका वेताळाला तर त्यांनी गटनंबरसुद्धा देऊन ठेवलाय, कारण तो विचारला जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक झालंय.

मागच्या खेपेला त्यांनी घाईघाईत एक नवा राक्षस आणला. तीन डोकी, सहा हात, प्रत्येक हातात परशू. वहीत त्याचं गाव लिहायचं राहून गेलं होतं. मास्तर घोगऱ्या आवाजात गरजले, "मरायला तयार व्हा!"

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?" जादूगाराने विचारलं.

मास्तर अडखळले. घोगरा आवाज एकदम पतसंस्थेतला झाला. "मुरूम," ते म्हणाले.

"मुरूमला कुणाचं?"