रॅम्पची किल्ली शिपायाकडे

आपल्या नाट्यगृहांत अपंगांना जाता येत नाही, असा अपप्रचार हल्ली फार वाढला आहे. आम्ही त्याचा जाहीर निषेध करतो. आमच्या गावचं नाट्यगृह बघा. तिथे रॅम्प आहे. त्याची फीत कापली गेली, फोटो छापून आले. रॅम्प संपतो तिथून पुढे तीन पायऱ्या आहेत हे खरं; पण रॅम्पचं टेंडर वेगळं आणि पायऱ्यांचं वेगळं, एवढं तरी समजून घ्याल की नाही? दाराला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई निवडणुकीच्या ड्युटीवर असतो. व्हीलचेअरसुद्धा आहे. चोरीला जाऊ नये म्हणून ती वरच्या मजल्यावर ठेवली आहे.

काही चिकित्सक मंडळी लगेच 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 29 काढतात. कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणणं त्यात सरकारवर सोपवलेलं आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम निघाले जून 2017मध्ये; पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्यातही गंमत अशी, की या नियमांतला सुलभतेचा नियम म्हणजे ‘जमल्यास करावं’ छापाचा सल्लाच होता. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं. आपल्याकडे प्रयोगाला उशीर झाला की तिसरी घंटा लांबते, तेवढंच हे.

कर्णबधिरांची मात्र चोख व्यवस्था आहे. 3 डिसेंबरला, म्हणजे दिव्यांग दिनी, रंगमंचावर सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा असतो. पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण तो शब्दन्‌शब्द पोचवतो. मग नाटक सुरू होतं आणि दुभाषी घरी जातो, कारण मानधन भाषणापुरतंच मंजूर असतं. म्हणजे ज्यांना ते भाषण ऐकू न येण्याचं सुख लाभलं होतं, त्यांचं तेवढं सुखही आपण काढून घेतलं. सिनेमागृहांसाठी केंद्राने मार्च 2024मध्ये उपशीर्षकं आणि अंधांसाठी ध्वनिवर्णन यांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नाटक नाही. नाटकवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन मराठीत नाटकं बसवली. अंध नट रंगमंचावर बिनचूक वावरू शकतो, अडखळतो तो प्रेक्षागृहात. आपण मात्र टाळ्या वाजवून ‘किती प्रेरणादायी!’ म्हणतो. नटाचं काम कसं झालं, हे कुणी बोलत नाही.

नाट्यगृहापर्यंत पोचू न शकणाऱ्यांत कैदीही आले; त्यांच्या बाबतीत तर आपण दानशूरच आहोत. त्यांच्यासाठी भजन असतं, प्रवचन असतं आणि वेळेचं नियोजन कसं करावं यावर व्याख्यान असतं. श्रोते मध्येच उठून जात नाहीत, हा वक्त्यांना फार मोठा दिलासा. देशातल्या तुरुंगांत 2022 अखेर दर चारांतले तीन कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा शाबीत व्हायचा होता, प्रबोधन मात्र सुरू झालेलं होतं. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तो बर्लिनपर्यंत गाजला. तेव्हापासून कैदी पडद्यावर आपल्याला आवडतोच. तो खुर्चीत बसून काही बघेल, हे मनाला पटत नाही.

प्रेरणा, प्रबोधन, पुनर्वसन सगळं दिव्यांगांच्या आणि कैद्यांच्या वाट्याला येतं. भिकार फार्स तेवढा येत नाही. मध्यंतरात बटाटावडा खात ‘पाडलं रे नाटक!’ म्हणण्याचा हक्क आम्ही पायऱ्या चढणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

तर वाचकहो, पुढचं तिकीट काढताना खिडकीवर एवढंच विचारा: एकही पायरी न चढता पोचता येईल अशी खुर्ची कोणती, आणि दुभाषी असलेला प्रयोग कधी? उत्तर येईपर्यंत रांगेतून हलू नका.